लाल मातीला तिचाच रंग

चीनमधल्या लिन्झ गावच्या रंगाच्या कारखान्यात डू साइलान एकोणीस वर्षं धुण्याच्या हौदावर होती. पिवळा रंग तयार झाला की तो सात पाण्यांतून काढायचा आणि पाणी मागच्या चरात सोडायचं. चराकाठची बोरांची झाडं वाळायला लागली, तेव्हा तपासणीची माणसं आली नि हौदांना सील ठोकून गेली. पंधरा बाया घरी बसल्या.

मग लान्चौ शहरातून थाओ रोंग नावाची तरुण इंजिनिअर आली. तिच्या पद्धतीत धुणं नव्हतंच. टेकडीची चिकणमाती आणि रंगाची भुकटी पोलादी गोळ्यांच्या चक्कीत कोरडीच दळायची, मग भट्टीत भाजायची. या मातीत केसाहून बारीक तंतू असतात, ते रंगाबरोबर प्लॅस्टिकमध्ये गेले की त्याला बळ देतात, असं ती सांगे. चक्कीवर तिनं साइलानला घेतलं.

तीनदा दळलं, तीनदा भाजलं. पिवळा निघाला तो गढूळ, पावसाळी डबक्यासारखा. थाओ रोंगनं हात टेकले.

"टेकडीची माती लाल आहे, ताई. भाजली की आतलं लोखंड वर येतं. पांढरी माती लांबून आणावी लागेल."

"पोरी, एक बोलू? रागावणार नाहीस ना?"

"बोला हो."

"लालीला पिवळा सदरा घालायचा हट्ट कशाला? तिचा रंग तिलाच देऊन बघ की!"

थाओ रोंगनं मातीची चिमूट बोटांत चोळून पाहिली. मग हसली. दुसऱ्या दिवशी पोलादाच्या कारखान्यातून टाकून दिलेल्या गंजाच्या खपल्या आल्या. त्या मातीबरोबर दळल्या, भाजल्या. भट्टीतून तबक ओढलं तेव्हा साइलान वाकून बघू लागली. आत गडद, तजेलदार लाल भुकटी होती.

बोरांसाठी प्लॅस्टिकचे क्रेट बनवणारा जी फूपाओ नमुना बघायला आला. अंगानं आडवा, तोंडानं तिखट.

"हौदावरच्या बाई आता आम्हाला रंग शिकवणार?"

"शिकवत नाही, दाखवते. चढा यावर," साइलाननं नवी भुकटी घालून केलेलं लाल क्रेट उलटं करून त्याच्यापुढे सरकवलं.

तो चढला. क्रेट जरा वाकलं, मोडलं नाही. त्यानं दोन उड्या मारल्या.

"आमचं जुनं पहिल्या उडीतच बसलं असतं," तो पुटपुटला. "पण उन्हाळाभर उन्हात ठेवणार. फिकं पडलं तर नाव घेणार नाही."

उन्हाळा सरला, रंग हलला नाही. त्यानं पहिली मागणी दिली आणि सहा बाया कामावर परतल्या. बाकीच्यांसाठी दुसरी चक्की हवी होती. ती मंजूर करून घ्यायला थाओ रोंग लान्चौला निघाली.

"ताई, तुम्हीही चला. तिथं मातीबद्दल तुम्हीच बोला."

"मी? माझी शाळा सहावीत सुटली गं!"

"तिथल्या साहेबांची शाळा सुटलीच नाही, म्हणून तर ते माती ओळखत नाहीत."

साइलान खळखळून हसली, आणि प्रवासात घालायचा कोट शोधायला घरी गेली.