बाबा परवा येतील

मित्रांनो, कोपरा फुटलेली, चौकटीचा एक खिळा निघालेली मी एक जुनी दगडी पाटी आहे. कोणत्या खाणीतून निघाले ते मला आठवत नाही. आठवते ती सुरतच्या पांडेसऱ्यातली एक खोली आणि सात वर्षांची धनश्री.

तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. तिचे बाबा चिंधाभाऊ खानदेशातून आलेले. मिलमध्ये कापड रंगवत. १९९३ साली त्यांनी मला विकत आणले. शाळेतल्या मालतीबाईंनी त्यांना बजावले होते, "घरी हातवारे करू देऊ नका, नाहीतर पोरगी बोलायची नाही." बाई मनाने वाईट नव्हत्या. पण धनश्रीचे हात हलले की आई, प्रमिलाबाई, ते धरून ठेवायच्या. धनश्री माझ्यावर 'कमळ', 'बाबा' सुरेख गिरवायची. अर्थ मात्र तिला ठाऊक नसायचा. अंगभर अक्षरे असूनही मी कोरीच आहे, असे मला वाटे.

एकदा आजोबा आजारी असल्याची तार आली आणि चिंधाभाऊ गावी गेले. ते कुठे गेले, हे धनश्रीला कोणी सांगू शकले नाही. दोन दिवस ती जेवली नाही. दाराकडे बघत बसली.

शेजारी अनुसयाताई राहत. साड्यांचे दोरे कापायचे काम करत. त्याही बहिऱ्या होत्या; पण खुणांची भाषा आणि मराठी लिहिणे, दोन्ही त्यांना येई. प्रमिलाबाईंच्या ओठांवरून त्यांनी सारे समजून घेतले आणि मला मांडीवर घेतले. 'बाबा' लिहून चिंधाभाऊंच्या मिशीची खूण केली. मग आगगाडी. मग गालाखाली हात ठेवून दोन झोपा. मग परत येणे. खाली लिहिले, 'बाबा परवा येतील.'

धनश्रीने त्याच खुणा पुन्हा केल्या, अक्षरांवरून बोट फिरवले आणि भाकरीला हात घातला. प्रमिलाबाई तोंडाला पदर लावून रडल्या.

ठरल्या दिवशी बाबा आले. धनश्रीचे हात भराभर चालू लागले.

"ती काय सांगस?" त्यांनी अहिराणीत विचारले.

"तुमनी वाट दखत व्हती, आसं सांगस," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि अनुसयाताईंनी काय केले ते सारे सांगितले.

चिंधाभाऊंनी पेन्सिल उचलली आणि अनुसयाताईंसाठी माझ्यावर वेडेवाकडे लिहिले, 'मला पण शिकवा.'

सोमवारी ते शाळेत गेले. "बाई, तिचे हात धरायला सांगू नका. खुणेनं तिला कळतं, मग ती लिहिते. दोन भाषा आहेत तिच्या."

मालतीबाई "बघू" एवढेच म्हणाल्या. पण महिन्याभराने, एका रविवारी, त्या स्वतःच अनुसयाताईंच्या दारात शिकायला उभ्या होत्या.

पुढे धनश्री वह्यांमध्ये लिहू लागली आणि मी कपाटामागे गेले. अंगावर धूळ बसली. थोडे वाईट वाटते. पण मित्रांनो, जुनी पाटी जपली नाहीत तरी चालेल. कुणाचे बोलणारे हात मात्र धरून ठेवू नका. त्यांच्यासमोर बसा आणि नीट बघा.