शोकप्रस्तावात मधे बोलायचं नसतं

दाढ आजच काढायची का, असं दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं आणि परराष्ट्रमंत्र्यांनी दोन्ही वेळा नुसती मान हलवली. तोंडात आरसा आणि दुसऱ्याची बोटं असताना माणूस आणखी काय करणार! रात्रभर गाल धरून बसलेला गडी. अकरा वाजता सभागृहात उभं राहायचं, परराष्ट्र आणि व्यापार या विषयांवरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि त्यातल्या एका प्रश्नावर चिडायचं. हो, चिडायचं. ठरवून. आणि खरा ठणका चालू असताना खोटं चिडता येत नाही, सगळा बेत फसतो.

"अर्धा चेहरा बधिर राहील," बाई म्हणाल्या. "ओठ, जीभ, हनुवटी. दोन-तीन तास बोलायचं काम काढू नका."

"बोलायचंच तर काम आहे हो माझं."

"मग आज कमी बोला. लोकांना बरंच वाटेल."

चिडायचं कशासाठी, ते सांगायला हवं. एका परक्या बंदरात आपलं एक मालवाहू जहाज सात महिने अडकून पडलं होतं. मालक बंदराची देणी थकवून, हात वर करून पसार झाला, आणि बंदरवाल्यांनी कप्तानापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांचे पासपोर्ट कपाटात घातले. पोरं डेकवर पाणी मापून पीत होती. पण त्याच देशाशी आपला स्वस्त गॅसचा करार व्हायचा होता, पुढच्या महिन्यात सही. मंत्रिमंडळात ठरलं, सही होईपर्यंत खलाशांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. परराष्ट्रमंत्री तेव्हा "पण" म्हणाले. पंतप्रधानांनी त्यांच्याकडे पाहिलं. तो "पण" तिथेच मेला.

मग हे गेले चिमट्याकडे.

चिमटा म्हणजे समोरच्या बाकावरचा सर्वात जुना विरोधक. अठरा वर्षं हा प्रश्नांवर प्रश्न विचारतोय आणि मंत्री उत्तरं देतायत. चिमटा म्हणायचे कारण धरला की सोडायचा नाही. आणि मंत्र्यांना त्याने नाव ठेवलं होतं साबण, कारण धरायला गेलं की निसटतात. बाहेर लोकांना वाटायचं दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. खरी गोष्ट अशी, की दोघं एकमेकांचं तोंड बघायचेच नाहीत, आरशात बघायचे. संसदेच्या तळघरात न्हाव्याचं दुकान आहे. तिथे दोन खुर्च्या. तोंडाला फेस लावून शेजारी शेजारी बसायचे आणि न्हावी रेडिओ मोठा करायचा.

"हे बघ साबणा," चिमटा परवाच म्हणाला होता, "मी विचारणार, आपल्या खलाशांना कधी आणणार? तू म्हणणार, बाब विचाराधीन आहे."

"तसं छापून आलंय उत्तर."

"मग मी पुरवणी प्रश्न टाकणार. तुझा कणा काढणार, तुझं खातं काढणार, वेळ पडली तर तुझं टक्कल काढणार. तू चिडायचं. चिडलेल्या माणसाच्या तोंडून काय निघेल ते निघेल. महिना संपायच्या आत आणतो, सभागृहाला आश्वासन देतो! झालं. एकदा आश्वासन शब्द कामकाजात उमटला की तो आमच्या समितीकडे येतो, पाळला की नाही बघायला. आश्वासन समितीचा अध्यक्ष कोण?"

"तू."

"मग? पंतप्रधानाची झोप उडवतो की नाही बघ."

"माझं मंत्रिपद उडेल त्याचं काय?"

"उडू दे रे. तुला असंही ते सैलच होतं."

न्हावी हसला आणि चिमट्याच्या कानाखाली वस्तरा अडखळला.

असा सगळा बेत. दवाखान्यातून निघून मंत्री गाडीत बसले, गालात कापूस, शेजारी त्यांच्या सचिवबाई फाईल मांडीवर घेऊन. तेवढ्यात फोन वाजला. चिमट्याच्या बायकोचा.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तुमच्या मित्राने आज दांडी मारली."

मंत्री अर्ध्या तोंडाने हसले. गेल्या वर्षी याच चिमट्याने वहिनींना बोलायला लावून, हार्ट अटॅक आलाय म्हणून फोन केला होता. हे डझनभर संत्री घेऊन धावत गेले, तर स्वारी अंगणात बसून बिस्किटं बुडवत होती. संत्री ठेवून घेतली वर.

"या वेळी संत्री आणणार नाही हं मी," मंत्री म्हणाले.



"नका आणू," वहिनी म्हणाल्या. "पहाटे गेले. चहा टाक म्हणाले, मी टाकला. गाळून आणला तोवर नव्हते."

मंत्र्यांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. बाहेर एक दुकानदार शटर वर करत होता. शटर अर्ध्यावर अडकलं, त्याने लाथ घातली, ते वर गेलं. मंत्र्यांनी ते नीट पाहिलं. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं त्यांना वाटलं, पण तेवढंच. ओठाला हात लावला तर ओठही दुसऱ्याच कोणाचा.

"सर, रक्त येतंय," सचिवबाईंनी रुमाल पुढे केला. मग बातमी ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "प्रश्न बाद झाला मग, सर."

"दुसरं कोणी नाही विचारू शकत? त्याच्या वतीने?"

"गैरहजर सदस्य दुसऱ्याला अधिकार देऊ शकतो. पण हे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "आज शोकप्रस्ताव झाला की सभागृह उठेल. पुढच्या अधिवेशनाशिवाय आपल्या खात्याच्या प्रश्नांचा वार नाही. तोवर गॅसवर सही होऊन जाईल."

सभागृहाच्या दाराशीच पंतप्रधान भेटले. काळा कोट, दुःखी भुवया.

"वाईट झालं फार."

"हो."

"तो जहाजाचा प्रश्न त्याचाच ना?"

"त्याचाच."

"म्हणजे गेला."

"गेला."

पंतप्रधानांनी बाहीचं बटण लावलं. "फार वाईट झालं," ते पुन्हा म्हणाले, पण या खेपेला आवाज चांगलाच मोकळा होता. "तू बोल दोन शब्द. जुना विरोधक म्हणून शोभेल. आटोपतं घे."

मंत्री जागेवर बसले. समोरच्या बाकावर एक जागा रिकामी. त्यांनी तिकडे पाहिलं, काही झालं नाही. म्हणून वर पाहिलं. प्रेक्षकांच्या सज्जात पहिल्या रांगेत एक म्हातारा, गुडघ्यांवर हात ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखा. जहाजावरच्या स्वयंपाक्याचा बाप. चिमट्यानेच त्याला पास मिळवून दिला होता. दर रविवारी पोराचा फोन येतो, तर पोरगा काय बोलतो? म्हणतो, बाबा, तुम्ही जेवलात का? एवढंच. म्हातारा एकदा मंत्रालयात येऊन हे सांगून गेला होता, आणि मंत्र्यांनी त्याला, विचाराधीन आहे, असं सांगून वर चहा पाजला होता.

म्हाताऱ्याला अजून पत्ताच नव्हता. तो प्रश्नाची वाट बघत होता.

सभापतींनी निधनाची बातमी वाचली. म्हाताऱ्याने शेजारच्या पहारेकऱ्याला काही विचारलं, पहारेकऱ्याने वाकून उत्तर दिलं. म्हाताऱ्याचे हात गुडघ्यांवरून घसरले. मग पुन्हा जागेवर आले.

पंतप्रधान बोलले. मग विरोधी पक्षनेता उभा राहिला आणि त्याने जे दळण घातलं ते घातलंच. चिमट्याचं शिक्षण, चिमट्याचे दौरे, चिमट्याची साधी राहणी. एरवी एवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी "बसा खाली" ओरडला असता. भसाड्या म्हणून एक सदस्य आहे, तो तर श्वास घेतल्यासारखा मधे बोलतो. आज भसाड्यासुद्धा हाताची घडी घालून गप्प. मंत्री ते बघत राहिले. अठरा वर्षांत या सभागृहाने त्यांना एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. आणि आज कोणीही उठून काहीही बोललं, तरी मधे तोंड उघडायची कोणाची टाप नव्हती.

बेत असा त्यांच्या डोक्यात आला. धावत नाही, चालत. त्यांनी तो आल्या आल्या ठेवून घेतला, संत्र्यांसारखा.

"परराष्ट्रमंत्री," सभापती म्हणाले.

ते उठले. अर्धी जीभ लाकडाची, त्यामुळे प्रत्येक शब्द हळू, ओला, कडेने निघत होता. सभागृहाला वाटलं कंठ दाटलाय. पलीकडच्या बाकावर एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"सभापती महोदय, हा माणूस मला साबण म्हणायचा."

बारीकसं हसू पिकलं, जेवढं शोकात चालतं तेवढं.

"आज त्याचा एक प्रश्न होता. तो राहिला. तो मी सांगतो, म्हणजे त्याला बरं वाटेल. त्याने विचारलं असतं, बंदरात अडकलेल्या आपल्या खलाशांना सरकार कधी परत आणणार? मी म्हणालो असतो, बाब विचाराधीन आहे. मग त्याने माझा कणा काढला असता."

पुढच्या बाकावर पंतप्रधानांची मान हलली. पण वळली नाही, कारण कॅमेरे होते.

"आणि मग मी चिडलो असतो." मंत्र्यांनी ओघळलेली लाळ रुमालाने टिपली. पलीकडच्या बाईंना हुंदका आला. "आज चिडता येत नाही. म्हणून साधंच सांगतो. सरकारच्या वतीने मी या सभागृहाला आश्वासन देतो, की हा महिना संपायच्या आत त्या जहाजावरचा प्रत्येक माणूस आपल्या घरी असेल. आश्वासन देतो. त्याच्या स्मृतीला माझं अभिवादन."

अर्थमंत्री खुर्चीतून वीतभर उठले आणि तिथेच अधांतरी राहिले. भसाड्याने तोंड उघडलं, इकडे तिकडे पाहिलं, मिटलं. आणि सभापती म्हणाले, "सभागृह दोन मिनिटं स्तब्ध उभं राहील."

झालं. पंतप्रधान मान खाली घालून उभे. दोन मिनिटं. मागून त्यांचे कान दिसत होते, तापलेल्या तव्यासारखे. हा देखावा चिमट्याने बघायला हवा होता, असं मंत्र्यांच्या मनात आलं. आलं आणि गेलं. कुठे लागलं नाही.

पंतप्रधानांच्या दालनात दार लागल्या लागल्या सुरुवात झाली.

"सभापतींना सांगतो. कामकाजातून काढून टाकतील तेवढी ओळ."

"सांगा."

"सांगणारच आहे!" ते फोनपाशी गेले, हात ठेवला, उचलला नाही. मेलेल्या माणसाच्या श्रद्धांजलीला कात्री लावली, हे उद्या पेपरात कसं दिसेल ते त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं असावं. ते येऊन खुर्चीत बसले. "हे तुमच्या दोघांचं ठरलं होतं?"

"चिडायचं ठरलं होतं. मरायचं नव्हतं."

 पंतप्रधानांनी घंटी दाबून त्या देशाच्या राजदूताला दुपारी बोलावून घ्यायला सांगितलं. "गॅसवाले आता माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतील. अधिवेशन संपलं की खातं सोड तू."

"बरं."

"नुसतं बरं? काही वाटत नाही तुला?"

"अजून नाही," मंत्री म्हणाले. ते खरंच होतं.

बाहेर व्हरांड्यात म्हातारा भिंतीला टेकून उभा होता. मंत्र्यांना बघून सरळ झाला.

"साहेब, एक विचारू का? रागावू नका. प्रश्न तर कोणी विचारलाच नाही. मग उत्तर खरं धरायचं का?"

"धरा."

"पोराला सांगू रविवारी?"

"सांगा."

"आणि ते फिरलं तर? ज्यांनी पास दिला ते म्हणाले होते, साहेब फिरले तर मी आहे. आता ते..." म्हाताऱ्याने सज्जाकडे उगाचच बोट केलं, जणू चिमटा तिथे वर बसला होता. "आता कोणाकडे जायचं?"

 मंत्र्यांना सुचली ती उत्तरं सगळी विचाराधीनच्या चालीची. त्यांनी सचिवबाईंकडे हात केला, पेन घेतलं आणि स्वतःचा घरचा नंबर म्हाताऱ्याच्या पासच्या मागे लिहून दिला. म्हाताऱ्याने तो वाचून पाहिला, मग खिशात न ठेवता हातातच धरला.

गाडीत बसून त्यांनी वहिनींना फोन लावला.

"निघालोय मी."

"या. घरात माणसं खूप आहेत, पण या." मग जरा थांबून, "टीव्हीवर पाहिलं. रडत रडत छान बोललात हो, भाऊजी."

"रडत नव्हतो, वहिनी. दाढ काढली सकाळी."

पलीकडून एक आवाज आला. हसण्याचा होता की दुसरा कसला, मंत्र्यांना कळलं नाही.

"त्या समितीवर यांच्या जागी कोण येणार आता?" वहिनींनी विचारलं.

"का हो?"

"तुमच्या मागे लागायला कोणीतरी हवं ना. यांनी मला बजावून ठेवलं होतं, साबण आहे तो, महिनाभर धरून ठेवावा लागेल."

"तुम्ही धरा," मंत्री म्हणाले.

"धरते. रोज फोन करीन. कंटाळाल."

"बरं."

फोन ठेवल्यावर त्यांनी ओठाला बोट लावून पाहिलं. हनुवटीपाशी मुंग्या यायला लागल्या होत्या, ओठ पुन्हा आपला होत होता. चिमट्याच्या गल्लीच्या तोंडाशी फळांची गाडी होती. ड्रायव्हरने न सांगता वेग कमी केला. त्यालाही गेल्या वर्षीची गोष्ट ठाऊक होती. मंत्र्यांनी संत्र्यांच्या राशीकडे पाहिलं.

"पुढे घे," ते म्हणाले.

दाढेची जागा तेवढी ठणकू लागली होती. बाकी कुठे काही नाही.