इंदूबाईंच्या पाठीवरचं इरलं

मी एक जुनं इरलं आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखणार नाहीत. भाताची लावणी करताना वाकलेल्या माणसाचं डोकं आणि पाठ झाकणारी, पालथ्या होडीसारखी वस्तू म्हणजे मी. ठाकूरवाडीतल्या गोमाबाबांनी बांबूच्या कांबट्या विणून आणि आत पळसाची पानं भरून मला घडवलं. त्यांनी माप घेतलं ते वाकलेल्या पाठीचंच.

पळसदरीच्या इंदूबाईंनी मला घेतलं. लावणीत त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. बायकांची एक रीत होती. ओळ धरली की बांध लागेपर्यंत पाठ उचलायची नाही. मध्येच जी उभी राहील तिची सगळ्याजणी टर उडवत, आणि त्यात येसूबाई सर्वांच्या पुढे. "इंदीच्या पाठीवरचं इरलं बघा, हलत बी नाय," असं बायका म्हणत, तेव्हा मी फुगून जात असे.

पुढे पावसात पांघरायची प्लास्टिकची खोळ आली. बाकीची इरली चुलीत गेली, पण इंदूबाईंनी मला पडवीतल्या खुंटीवर जपून ठेवलं.

मागच्या दिवाळीनंतर इंदूबाईंची कंबर धरली. कळ कमरेतून निघून थेट पोटरीपर्यंत जाई. मुलगा राजेश त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. मणक्यातली गादी सरकली होती. पायातली ताकद शाबूत असल्यानं डॉक्टरांनी आधी व्यायाम करायला सांगितलं. उतार पडला नाही, तर ऑपरेशन. घरी आल्यावर इंदूबाई पडवीत बसून रडल्या.

"पाठ कापल्यावं मी शेतात परत उबी ऱ्हाईन का रं?" त्यांनी राजेशला विचारलं.

सून श्रद्धा त्यांना कर्जतला सुरभी मॅडमकडे नेऊ लागली. त्या व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टर. पहिल्याच दिवशी इंदूबाईंनी तिथं कसा वाद घातला, ते श्रद्धानं घरी हसत हसत सांगितलं. "जल्मभर वाकतेच हाय मी, आनखी कसला व्यायाम?" असं त्या म्हणाल्या. त्यावर सुरभी मॅडम म्हणाल्या, "मावशी, वाकून झालं तुमचं. आता मागे झुकायचं."

मग रोज पडवीत घोंगडी पडू लागली. इंदूबाई पालथ्या झोपत, कोपरांवर भार देत आणि हळूहळू छाती उचलत. नंतर उताणं होऊन, गुडघे दुमडून, कंबर जमिनीवरून वर नेत. "म्हातारपनी शाळेत घातलं गं मला," अशी त्यांची कुरकुर चाले. एकदा त्या घाबरल्याच. पोटरीतली कळ गेली, पण कंबर जास्तच ठणकू लागली. श्रद्धानं फोन लावला. कळ पायातून वर सरकणं हे चांगलं लक्षण आहे, पुन्हा पायात उतरली तर मात्र थांबा आणि कळवा, असं मॅडमनी सांगितलं. ती पुन्हा उतरली नाही. उन्हाळा सरता सरता डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको. त्या दिवशी घरातल्या साऱ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि खुंटीवर माझाही.

लावणीला जायची परवानगी मिळाली, पण एक अट होती. थोडी थोडी लावणी झाली की उभं राहायचं, कमरेवर हात ठेवायचे आणि मागे झुकायचं. ही अट ऐकून इंदूबाईंचा चेहरा उतरला. ओळीच्या मध्ये, सगळ्यांदेखत उभं राहायचं?

शेतात त्यांनी मला पाठीवर घेतलं. थोडी ओळ झाली. त्यांची बोटं चिखलात अडखळली आणि पाठ ताठरली. पायात पुन्हा कळ निघाली तर? मला वाटत होतं, उठा हो, उठा. आणि इंदूबाई उठल्या. मी घसरलो आणि धप्पकन चिखलात पडलो. कमरेवर हात ठेवून त्या मागे झुकल्या. पाऊस सरळ त्यांच्या तोंडावर पडत होता.

"काय गं इंदे, बांध लागला काय?" येसूबाई ओरडल्या. सगळ्या हसल्या.

"बांध नाय लागला," इंदूबाई तशाच म्हणाल्या, "पन पाठ माजी हाय, बांधाची नाय."

हसू थांबलं. मग येसूबाईच हळूच उभ्या राहिल्या. त्यांनी इंदूबाईंकडे बघून कमरेवर हात ठेवले, मागे झुकल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "आई गं! किती वर्सं दुकत व्हती गं माजी."

मित्रांनो, माझ्या पळसाच्या पानांत आता चिखल मुरला आहे, पण त्याचं मला काही वाटत नाही. तुमच्या घरातही कोणीतरी गुपचूप वाकून काम करत असेल. त्यांना मध्येच हाक मारा, म्हणजे ते पाठ सरळ करतील. माझ्यासारखं काही खाली पडलं, तर तुम्ही उचला. उचलताना मात्र गुडघ्यांत वाका, कमरेत नको.