परत आलेली ताटं

या, असे जवळ सरकून बसा. मागे उभे आहात त्यांनीही पुढं यावं. भिंतीशी उभ्या माणसाच्या कानात कथा निम्मीच शिरते. समुद्राची कथा आहे, पण पाण्याची कमी आणि खरकट्याची जास्त. नाक मुरडू नका. देवानं माणसाला भूक दिली त्याच दिवशी खरकटंही दिलं. शेवटी एक मागणं मागायचं आहे, तेवढं पदरात घ्या म्हणजे ऐकल्याचं सार्थक झालं.

तर एका घरातल्या थोरल्या लेकानं ताट उचललं आणि नळाखाली धरायच्या आधी दिव्याकडे तिरकं करून डोळे बारीक केले. रुंद काठाचं पांढरं ताट. कडेला लिंबाची पिळलेली फोड. मधोमध माशाचा अख्खा काटा, असा स्वच्छ की मांजरानंही हात जोडावेत. पिवळ्या रश्श्याच्या जागी पावानं टिपून घेतल्याच्या रेघा.

"वाचून झालं का?" मुकादम पाठीमागून म्हणाला. "ताटं धुवायची असतात बाबा, वाचायची नसतात."

"दोनच ओळी राहिल्यात," थोरला म्हणाला आणि त्यानं ताट फेसात सोडलं.

जहाजावर अडीच हजार पाहुणे होते. सगळ्यांसाठी वर मोठं जेवणघर होतंच. पण त्याशिवाय चार खास रेस्टॉरंटं होती. तिथं टेबल आधी राखून ठेवावं लागे आणि पैसेही वेगळे पडत. एक माशांचं, एक निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचं, एक नुसत्या भाज्यांचं आणि एक गोडाचं. चारांतलं सरस कोणतं यावर पाहुणे लिफ्टमध्ये, पोहण्याच्या तलावाकाठी, जिथं भेटतील तिथं हुज्जत घालत. जेवण झालं की छापील कागद मिळे, त्यावर चांदण्या रंगवायच्या. त्या चांदण्यांवर चार मुख्य स्वयंपाक्यांची झोप ठरे.

पण चारही रेस्टॉरंटांची ताटं एकाच लिफ्टनं खाली येत, पाण्याच्या रेषेच्याही खालच्या एका खोलीत. तिला खिडकी नव्हती. थोरला तिला मनातल्या मनात मोरी म्हणे. तिथं उभ्या उभ्या त्याला चांदण्या न बघता निकाल कळे. वाढणारा समोर हसत उभा असला की माणूस भिडेखातर पाच चांदण्या रंगवतो. ताटाला कसली भीड? ते खाली येऊन खरं तेच बोलतं.

त्यानं स्वतः त्या चारांतला घासही चाखला नव्हता. कामगारांचं जेवण वेगळं असे, आणि परत आलेल्या ताटातलं कुणी तोंडात टाकलं तर त्याला पुढच्या बंदरात उतरवत.

मग तो ताटं वाचत का असे? आईसाठी.

आईनं सव्वीस वर्षं एका वसतिगृहाच्या भोजनगृहात भांडी घासली होती. हिवाळ्यात तिच्या बोटांना चिरा पडत आणि ती त्या पोरांपासून पदरात लपवी. "माझ्या लेकरांचे हात ह्या पाण्यात जायचे नाहीत," एवढंच ती म्हणे. थोरल्याला जहाजावर काम मिळालं तेव्हा त्यानं घरी सांगितलं, स्वयंपाकघरात लागलो. हे खोटं नव्हतं; खऱ्याचा फक्त एक पाय लंगडा होता. संध्याकाळपर्यंत आईनं गल्लीभर सांगितलं, पोरगा जहाजावर स्वयंपाकी झाला. आता तिच्या तोंडातून तो घास कोण काढून घेणार? त्यानं राहू दिलं. त्याला दोन वर्षं झाली.

आणि दोन महिन्यांपूर्वी ती पडली. खुब्याचं हाड जुळलं, पण भूक गेली ती गेलीच. धाकटी बहीण वाटीत मऊ भात कालवून तासन्‌तास बसे. आई भिंतीकडे तोंड करी. डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि ह्या वयात एकदा नळी गेली की मग पुढचं आम्ही सांगू शकत नाही.

अशात एके दुपारी फोनवर आईनं विचारलं, "काल काय केलंस रे?" थोरला ताटात पाहिलेला मासा सांगायला लागला. सांगता सांगता पलीकडून धाकटी कुजबुजली, "दादा, थांबू नकोस. तोंड उघडलंय."

तेव्हापासून रोज दुपारी, ताटांच्या दोन पाळ्यांमध्ये, फोन. चार रेस्टॉरंटं, चार चमचे. शेवटी आई निकाल मागे.

"आज कुणी मारली बाजी?"

"माशांनी."

"आणि भाज्यांवाला?"

"त्याचं काही खरं नाही, आई."

"मेल्याला हात सैल करून मीठ घालायला सांग," ती म्हणे. आणि त्या बोलण्याच्या फटीत धाकटी पाचवा चमचा सरकवी.

मग एका सकाळी भिंतीवर कागद लागला. छपरावरच्या, फोन पोचवणाऱ्या तबकडीची दुरुस्ती. उद्यापासून तीन दिवस कामगारांचे फोन बंद. पाहुण्यांचे चालू राहतील.

थोरला कामगारांचं बघणाऱ्या बाईंच्या खोलीत गेला. हात पुसून गेला, तरी दाराच्या मुठीवर ओल राहिली.

"मला घरी जायचंय. आई जेवत नाही."

बाईंनी संगणकात पाहिलं. "पुढचं बंदर चार दिवसांनी. तिथून विमान नाही. त्याच्या पुढचं अकरा दिवसांनी."

"मधे कुठं उतरता येणार नाही?"

"मधे पाणी आहे," बाई म्हणाल्या. कुचकेपणानं नव्हे. मधे पाणीच होतं.

"मग फोन तरी. पाहुण्यांच्या फोनवरून, दहा मिनिटं."

"मी विचारून पाहते." त्यांनी कागदावर काही लिहिलं. त्या कागदाचं पुढं काय झालं ते कुणाला कळलं नाही.

त्या दुपारी थोरला कोरड्या ताटांच्या कोठारात शिरला. बरोबर त्याचा दोस्त, वरचा वाढपी. दारातून वाकून यावं लागे म्हणून त्याला सगळे उंट म्हणत. तीन दिवसांचं बोलणं फोनवर भरून धाकटीला पाठवायचं, तिनं रोज एकेक लावायचं, असं ठरलं होतं. उंटानं रेस्टॉरंटांची कार्डं आणली होती.

"हे वाच. 'ताज्या लोण्यात, मंद आचेवर.' ऐकूनच लाळ सुटली पाहिजे माणसाला."

"आई," थोरल्यानं सुरुवात केली, "आज माशांच्या रेस्टॉरंटात ताज्या लोण्यात, मंद आचेवर..." आणि तो अडखळला. "हे आपण बोलतोय असं वाटत नाही रे."

"मग तुझ्या तोंडानं बोल. तुझी आई आहे, माझी थोडीच."

थोरल्यानं कार्ड पालथं घातलं.

"आई, काटा एकटा परत आला बघ. चार माणसांचं टेबल होतं, चारही ताटं पुसून काढलेली. रस्सा पावानं टिपलाय, लिंबाच्या फोडीत थेंब ठेवला नाही." एक चमचा गिळायला लागतो तेवढा वेळ तो थांबला. "निखाऱ्यावाल्याकडे मांसाची कड राहिली. सगळ्यांची. चामड्यासारखी, आज आच जास्त लागली." पुन्हा थांबला. "भाज्यांची ताटं निम्मी भरलेली, वर रुमाल टाकलेले. लाज वाटली की माणूस झाकतो ना, तसं." थांबला. "गोडाच्या वाटीत काहीच नाही, तळाला चमच्याचे ओरखडे. आता तूच सांग, कुणी मारली बाजी?"

अशी तीन दिवसांची तीन. शेवटच्यात भाज्यांवाल्याला त्यानं मुद्दाम जिंकवलं. आईला बरं वाटेल म्हणून.

मग फोन मुका झाला.

ताटं येतच राहिली. थोरला सवयीनं एकेक दिव्याकडे धरी, वाची, आणि मग लक्षात येई की सांगायचं कुणाला. दुसऱ्या संध्याकाळी एक ताट जसंच्या तसं खाली आलं; चमचासुद्धा लागला नव्हता. तो ते धरून इतका वेळ उभा राहिला की मागे लिफ्टची घंटा तीनदा वाजली. मुकादमानं त्या दिवशी टोमणा मारला नाही. ताट त्याच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः धुतलं. माणूस रस्त्यावर असेल तर धावतो, नदीकाठी असेल तर नाव शोधतो. जहाजावरच्या माणसानं काय करावं? जहाज जाईल तिकडे जावं. थोरल्यानं डोळे मिटून देवाला हाक मारली, आणि हाकेच्या पुढं काय मागावं ते त्याला सुचलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी खिशात फोन थरथरला. धाकटीचे चार निरोप, एकामागून एक.

"दादा, चार चमचे. भाज्यांवाल्याला शिव्या घातल्या, पण खाल्लं."

"आज दोनच. आणि तुझं कालचं बोलणं पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा ऐकलं."

तिसऱ्या निरोपात आईचा आवाज होता. वाऱ्यावर धरलेल्या दिव्यासारखा. आता आहे, आता नाही.

"थोरल्या, स्वयंपाकी काय घातलं ते सांगतो रे. काय उरलं ते सांगणारा दुसरा असतो." मोठा श्वास. "मी नाही का घरी येऊन तुम्हाला सांगायची, पोरांनी आज काय टाकलं ते." पुन्हा श्वास. "तिथला साबण कडक असेल. निजताना हाताला तेल लावत जा. बोटांच्या बेचक्यांत लाव. तिथं आधी चिरतं."

चौथा निरोप पुन्हा धाकटीचा. "दादा, एवढं बोलली आणि तोंड मिटून घेतलं. तुझं तिसरं लावलं, पण उघडलं नाही. काल सकाळपासून पाण्याचा घोटही नाही. उद्या नळी घालणार म्हणतात. फोन लागला की कर."

लिफ्टची घंटा वाजली. चारही रेस्टॉरंटांत दुपारी मोठी मेजवानी होती. ताटांच्या चवडी येऊन टेकल्या. कामाच्या वेळी फोन दिसला तर जप्त होई. थोरल्यानं तो सरळ मुकादमासमोर बाहेर काढला. मुकादमानं फोनकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दाराशी गेला आणि पाठ करून उभा राहिला.

"या यंत्राच्या आवाजात मला हल्ली काही ऐकू येत नाही," तो दाराला म्हणाला.

धाकटीनं पहिल्याच घंटेला उचललं. "उशीवर ठेवते. बोल."

"आई," थोरला म्हणाला.

पलीकडे चमचा वाटीला वाजला.

"आई, तेल लावतो."

काहीच नाही.

सांगायचं तरी काय? स्वयंपाक्याचं सोंग गेलं, आणि सोंगाबरोबर रोजचं बोलणंही गेलं. त्यानं फोन नळाच्या वरच्या फळीवर उभा केला. पहिलं ताट घेतलं.

"हे निखाऱ्यावाल्याचं. कड राहिलीय. घासतोय." पाणी सुटलं. "झालं. हे माशांचं. लोणी थिजलंय, गरम पाणी लागेल. झालं. हे भाज्यांचं, आई. रुमाल टाकलाय वर."

"दादा, तोंड मिटलेलंच आहे," धाकटी म्हणाली. "चमचा ओठाशी धरलाय मी."

"धरून ठेव. हे गोडाचं. पाक चिकटलाय काठाला, नखानं काढावा लागेल." ताटं एकमेकांवर आपटत होती, पाणी वाहत होतं. कितीतरी वेळ तो नुसता घासत राहिला.

"दादा."

"बोल."

"हात बाहेर काढलाय तिनं. पांघरुणाच्या बाहेर. चादरीवर फिरवतेय, गोल गोल. आई, काय हवंय गं? काय शोधतेस?"

थोरल्याच्या हातात फडकं होतं, ताटावर, अर्ध्या वर्तुळात थांबलेलं. त्यानं ते वर्तुळ पुरं केलं.

"शोधत नाही ती," तो म्हणाला.

"मग?"

त्यानं चवडीतून पुढचं ताट उचललं. ह्या वेळी दिव्याकडे धरलं नाही.

"हे घे, आई," तो फळीकडे बघून म्हणाला. "अजून पुष्कळ आहेत."

कथा इथंच ठेवायची. नळीचं काय झालं, चमचा गेला की नाही, ते ज्याचं त्याला ठाऊक. मागणं तेवढं राहिलं. जेवून तृप्त होऊन उठाल, ताट पुढं साराल, तेव्हा क्षणभर हात तिथंच राहू द्या आणि त्या बाईची आठवण धरा, चादरीवर गोल गोल हात फिरवणाऱ्या.