मिठाने धरलेले सांधे

मित्रांनो, मला पाहून कुणी वाटेत थबकणार नाही. तोंड बोथट, अंगावर काळे डाग, आणि दांडा तर माझा मूळचाही नाही. मी एक जुना हातोडा आहे. वजन चार पौंड, आणि मुक्काम केप ब्रेटन बेटावर, जिथे समुद्राचा खारा वारा घराच्या कडीकोयंड्यालाही सोडत नाही.

माझा जन्म कोळशाच्या खाणीवरच्या भट्टीत झाला. लॉकी मॅकेकर्न हा तिथला लोहार. खाणीतल्या कोळसा वाहणाऱ्या एका मोडक्या डब्याचा आस त्याने लालभडक तापवला, त्यातून मला घडवले आणि तेलात बुडवून पक्के केले. लॉकी मोजके बोलत असे, पण कामगारांपैकी कुणी मला मागायला आला की म्हणायचा, "ने, पण परत आण. दुसरा असा होणार नाही." त्या शब्दांनी माझा ऊर भरून यायचा. रुळावरून घसरलेले डबे, आवळून बसलेल्या पाचरी, वाकलेल्या कड्या, सगळे मी सरळ केले. लॉकीची मुलगी फ्लोरा कधी भट्टीवर आली तर तो तिच्या हातात मला देई आणि सांगे की नुसता जोर लावू नकोस, लोखंड काय आवाज करते तेही ऐक.

पुढे खाण बंद झाली. लॉकीही गेला. मी फ्लोराच्या सासरी आलो. तिचा नवरा रॉडी असेपर्यंत मी कुंपणाचे खांब ठोकले. तो वारल्यावर माझी नेमणूक कोंबड्यांच्या खुराड्यात झाली. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला त्याला टेकवून ठेवत. मित्रांनो, ज्याने खाण गाजवली त्याच्यावर कोंबड्या बसू लागल्या. दांडा कुजला, अंगावर गंज चढला. मी दार धरून बसलो. दुसरे करणार काय?

फ्लोरा तेव्हा साठी ओलांडलेली बाई होती. सारे आयुष्य तिने शाळेची बस चालवली होती. आता ती खडीच्या रस्त्याच्या शेवटच्या घरात एकटी राहत होती. दुकान, दवाखाना, चर्च, सगळे डोंगरापलीकडे. तिच्याकडे एक जुनी निळी गाडी होती, आणि त्या गाडीच्या जोरावर तिचे घर चालत होते.

त्या वर्षी बर्फ वितळल्यावर ती गाडीची सरकारी तपासणी करून घ्यायला शहरात गेली. तपासनिसाने गाडी वर उचलली आणि पुढचे चाक दोन्ही हातांनी हलवले. चाक सैल दातासारखे डुगडुगले. स्टीअरिंगचे वळण चाकापर्यंत नेणारे टाय रॉड आणि चाकाचा भार पेलणारे खालचे बॉल जॉइंट, दोन्ही बाजूंचे झिजून गेले होते. त्याने सांगितले की अशी गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. दुरुस्तीही तो करणार नव्हता. बर्फ वितळावा म्हणून हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने सगळे सांधे गंजून एकजीव झाले होते. भंगारात द्या, म्हणाला. फ्लोराचा धाकटा दीर डूगल भंगाराचाच धंदा करी. त्याने आपल्या ट्रकवर चढवून गाडी घरी आणून दिली आणि शनिवारी न्यायला येतो असे सांगून गेला.

देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात राहणाऱ्या मुलाचा, केनेथचा, फोन आला तेव्हा फ्लोरा खुराड्यापाशी दाणे टाकत होती. फोनचा आवाज मोठा होता, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"आई, आता पुरे झालं. गाडी काकाला देऊन टाक. घर विकू आणि तू इकडे ये," तो म्हणाला.

"आणि गाडी दुरुस्त झाली तर?"

तो हसला. कुचेष्टेने हसला नाही, लेकरू हसते तसा हसला. "झाली, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

"शब्द दिलास हं," एवढे बोलून फ्लोराने फोन बंद केला.

शेजारची यूनिस बूदरो तिची जुनी मैत्रीण. मासळीच्या कारखान्यात आयुष्य काढल्यामुळे तिचे मनगट लाकडासारखे होते आणि जीभ सुरीसारखी. तिच्याकडे स्वतःची गाडी नव्हती, तरी टपालाच्या गाडीत बसून तिने शहरातून नवे सुटे भाग आणून दिले. दोघींनी शेडमध्ये गाडी जॅकवर उचलली, खाली भक्कम स्टँड लावले, चाके काढली आणि गाडी ढकलून पाहिली. ती हलली नाही, तेव्हाच फ्लोरा खाली वाकली. तारेच्या ब्रशने तिने गंज खरवडला, प्रत्येक नटावर पातळ तेल सोडले आणि ते मुरायला रात्रभर राहू दिले. सकाळी पाना लावला तो आधी किंचित आवळायच्या बाजूने, मग सोडायच्या. थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा तेल. रडतकढत नट फिरू लागले.

पण नट सुटला म्हणून सांधा सुटत नाही, मित्रांनो. टाय रॉडच्या टोकाला निमुळता खुंटा असतो आणि तो चाकामागच्या लोखंडाच्या डोळ्यात, म्हणजे गोल भोकात, पाचरीसारखा गच्च बसलेला असतो. फ्लोराने खिळे ठोकायचा हातोडा घेऊन खुंट्याच्या टोकावर खालून मारायला सुरुवात केली. खुंटा हलला नाही. टोक मात्र चेपून गेले.

यूनिस तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून चहा पीत होती. "याच्यापेक्षा गाडीला एखादं गाणं म्हणून दाखव," ती म्हणाली. "निदान शेजाऱ्यांची करमणूक होईल."

फ्लोराने हातोडा खाली ठेवला. लोखंडाचा आवाज ऐक, हे वडिलांचे सांगणे तिला आठवले असावे; ती उठून थेट खुराड्याकडे आली. कोंबडीला हाकलून तिने मला उचलले. त्या क्षणी मला काय वाटले ते मी सांगू शकत नाही. तिने माझा कुजका दांडा काढला, ॲश झाडाच्या चिवट लाकडाचा नवा बसवला, वरून पाचर मारली आणि मला तेलाच्या फडक्याने पुसले.

आता तिने टोकावर मारणे सोडले. यूनिसला तिने रॉडीचा मोठा घण दिला आणि तो डोळ्याच्या एका बाजूला घट्ट टेकवून धरायला सांगितले. दुसऱ्या बाजूने ती मला घेऊन उभी राहिली. डोळ्यावर बाजूने घाव बसला की लोखंड क्षणभर दबते, आणि त्या क्षणात खुंटा पकड सोडतो. पहिले घाव भद्द आवाजाचे होते. मग आवाज बदलला, मोकळा आणि खणखणीत झाला, आणि खुंटा आपोआप खाली घसरला. यूनिसने घण खाली ठेवला आणि फ्लोराच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या बाजूचा टाय रॉडही मग निघाला. त्यामागून डावा बॉल जॉइंट निघाला.

उजवा मात्र अडला. शुक्रवार सगळा त्याने खाल्ला. फ्लोराचा खांदा सुजला. संध्याकाळी ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "केनेथचं बरोबर असेल कदाचित. किती दिवस अशी झुंजणार मी?"

"तू गेलीस तर मी भांडू कुणाशी? माझ्या मांजराला तर काही पटतच नाही," यूनिस म्हणाली. थोडे थांबून ती हळूच पुढे म्हणाली, "गाडी माझ्यासाठीही आहे, फ्लोरा. तू गेलीस की मीही इथे राहू शकणार नाही."

फ्लोरा उठली. तिने त्या सांध्यावर पुन्हा तेल सोडले.

शनिवारी सकाळी डूगलचा ट्रक अंगणात आला. मोठ्या देहाचा, मऊ मनाचा माणूस. शेडमध्ये डोकावून तो म्हणाला, "वहिनी, कशाला जीव काढताय? सोडा आता. मी नेतो."

"नेशील. आधी बस," फ्लोरा म्हणाली.

"कुठे?"

तिने लांब पहार गाडीखालच्या, चाक धरणाऱ्या आडव्या दांड्यावर अडकवली होती, अशी की टोकावर भार आला की सांधा खाली ओढला जावा. नट तिने शेवटच्या आट्यांवर राहू दिला होता, म्हणजे सुटलेला दांडा उसळून कुणाला लागू नये. डूगलने पहारीकडे पाहिले, यूनिसकडे पाहिले, टोपी काढली आणि पहारीच्या टोकावर बसला. यूनिसने घण टेकवला.

फ्लोराने मला उचलले. तिचा दुखरा खांदा मला माझ्या दांड्यातून कळत होता. तरी घाव नेमके त्याच जागी पडत राहिले. भद्द. भद्द. आणि मग शेवटचा घाव. बंदुकीसारखा आवाज झाला, पहार झपकन खाली गेली आणि डूगल शेडच्या जमिनीवर बसता झाला.

 मग खालून डूगल म्हणाला, "वहिनी, सुटलं वाटतं." आणि यूनिस इतकी हसली की तिला गाडीला धरून उभे राहावे लागले.

त्या दिवशी डूगल रिकामा ट्रक घेऊन गेला, पण जाण्याआधी नवे सांधे बसवायला थांबला. फ्लोराने प्रत्येक नट जोर पाहून आवळला, पिना घातल्या, जुन्या टाय रॉडचे आटे मोजून नवे तितकेच फिरवले. सोमवारी ती हळूहळू शहरात गेली. चाकांची दिशा नीट करून घेतली आणि त्याच तपासनिसासमोर गाडी उभी केली. त्याने चाक हलवले. पुन्हा हलवले. मग कुणी केले, असे विचारले.

"आम्ही दोघींनी," फ्लोरा म्हणाली आणि डिकी उघडून मला त्याच्या हातात दिले. त्याने माझे वजन तोलले, नवा दांडा पाहिला, मान डोलावली आणि काचेवर मंजुरीचा कागद चिकटवला.

केनेथला फोन लावला तेव्हा मी तिच्या शेजारच्या सीटवर होतो. तिने त्याला मंजुरीचा कागद मिळाल्याचे सांगितले. मग तो म्हणाला, "ठीक आहे आई. उन्हाळ्यात मीच तिकडे येतो. मलाही शिकव." फ्लोराने गाडी सुरू केली, आणि डोंगराच्या वळणांवरून निळी गाडी अशी सरळ, नेमकी धावली की मला वाटले, मी पुन्हा तरुण झालो.

मित्रांनो, हिवाळा संपला की गाडीच्या पोटाखालचे मीठ धुऊन काढा. सांध्यांना वेळेवर ग्रीस द्या. आम्हा अवजारांना कोरड्यात ठेवा, कधीमधी तेलाचा हात फिरवा. आणि काही अडकून बसले तर ते मेले असे लगेच ठरवू नका. त्याला तेल द्या, वेळ द्या, नेमका घाव द्या, आणि समोरून टेकू धरायला एक माणूस मिळतो का ते पाहा.

आता मला निघायला हवे. आज शेडमध्ये चर्चच्या पाद्रीबाबांची गाडी जॅकवर चढली आहे. ते दारात हात जोडून उभे आहेत, आणि यूनिस त्यांना सांगते आहे की प्रार्थना करायची तर बाहेर करा, आत आवाज फार होणार आहे.