औषधाआधीचं चित्र

मित्रांनो, मी एक जुना एमआरआय स्कॅनर आहे आणि मला माणसांचा वीट आला आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल, तर दुसऱ्या कुणाकडे जा.

माझं काम मात्र सुंदर आहे. माझ्या पोटात मोठं चुंबक आहे. तुमच्या अंगातल्या पाण्याचे आणि चरबीचे कण त्याच्या जोरावर मी एका दिशेला उभे करतो, रेडिओलहरींचा धक्का देतो आणि ते सावरून जागेवर कधी येतात, ते पाहत बसतो. चरबीतले पटकन सावरतात, पाण्यातले रेंगाळतात. या फरकातून चित्र उमटतं. कधी शिरेतून एक औषध देतात. ते जिथे साचतं, तिथले कण लवकर सावरतात आणि ती जागा पांढरी दिसते. गाठ ओळखायला हे फार उपयोगी. पण साकळलेलं रक्त औषधाशिवायही पांढरं दिसू शकतं. म्हणून एक चित्र औषधाआधी आणि एक नंतर, असा नियम आहे.

पहिली काही वर्षं तो पाळला गेला. माझं कौतुक होई, मला मऊ फडक्याने पुसत. मग चटपट आला. आमच्या तंत्रज्ञाला सगळे याच नावाने ओळखतात. त्याला डबा उघडायची घाई, घरी जायची घाई. पेशंटला झोपवतात त्या माझ्या बोगद्यात कुणी ओकलं, तर कागदाने वरवर पुसून हा पुढच्या पेशंटला आत सरकवायचा. मला शिसारी यायची.

एकदा कपडे शिवणारी एक बाई डोकं दुखतं म्हणून आली. चटपटने आधीचं चित्र गाळलं आणि थेट औषध टोचलं. मेंदूत पांढरा ठिपका दिसला. गाठ आहे, असा अहवाल गेला आणि डोकं उघडायचं ठरलं. बाईने गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले कपडे परत केले, शिलाई मशीनवर चादर टाकली.

ऑपरेशनच्या सकाळी तिचे केसही उतरवून झाले. तेव्हा कुठे बाहेरून बोलावलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी चित्रं हातात घेतली आणि विचारलं, "औषधाआधीचं कुठंय?"

कुणाकडेच नव्हतं. बाईला परत माझ्याकडे आणलं, या वेळी औषध न देता. ठिपका तसाच पांढरा. महिन्याभरापूर्वी ती जिन्यावरून पडली होती, तेव्हाचं ते रक्त. डोक्याला मार लागला होता का, हे तिला कुणी विचारलंही नव्हतं. ऑपरेशन रद्द झालं.

चटपट तिला म्हणाला, "मावशी, मशीन जुनं झालंय. होतं असं कधी कधी."

बाईने बोडक्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्यालाच हात जोडले. "तुम्ही परत फोटो काढलात म्हणून वाचले हो." तो म्हणाला, असू दे. एवढी किळस मला ओकारीचीही आली नव्हती.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणत नाही. भंगारात गेलो तरी चालेल. फक्त औषध टोचण्याआधी विचारा, आधीचं चित्र काढलं का. चिडले तरी विचारा. मला सगळं दिसतं, पण बोलता येत नाही. तुम्हाला येतं.