कारहुणवी होऊ द्या

हिंगळीच्या पेठेत गुंडप्पा कापडवाल्याइतका हट्टी माणूस दुसरा नव्हता, असं त्याच्या बायकोचं, नीलम्माचं मत होतं. तीस वर्षं संसार केलेली बाई बोलते म्हटल्यावर त्यात खोट काढायची सोय नाही. पण या हट्टी माणसानं आयुष्यात एकदाच, आणि नेमका नको तिथं, समजूतदारपणा केला आणि अख्खी पेठ बुडवली.

निजामाच्या राज्यात हिंगळीला करोडगिरीचा नाका होता. सोलापुराकडून आलेला माल जकात भरून सुटेपर्यंत गाडीवान इथंच मुक्काम ठोकायचे, आणि रिकामा बसलेला माणूस काही ना काही विकत घेतोच. मग निजाम गेला, नाका उठला, गाड्या न थांबता थेट नळदुर्ग गाठू लागल्या. दुकानदार भरदुपारी दुकानातच आडवे व्हायला लागले. मराठवाडा मुंबई राज्यात गेल्याला तिसरं वर्ष लागलं तेव्हा बातमी आली, की हमरस्ता डांबरी होणार आणि त्यावरून यष्टी धावणार. रस्ता पेठेतून न्यायचा की गावाबाहेरच्या माळावरून, हे ठरवायला इंजिनिअरसाहेब आले.

साहेब तरुण, कोकणातले आणि भले होते. पेठ पायी फिरून त्यांनी सरळ सांगितलं, "दोन्ही बाजूंनी पाच-पाच हात जागा सोडा आणि वेस काढा. भरलेला ट्रक गेला पाहिजे. एकतीस मेला मी येतो. मोकळं दिसलं तर पेठेतून, नाही तर माळावरून. कागद त्याच दिवशी पुढं जाणार."

झालं, गुंडप्पाच्या अंगात वारं शिरलं. पहिला घण त्यानं स्वतःच्या ओट्यावर घातला. मग दारोदार फिरून, कुणाच्या हातापाया पडून, कुणावर डोळे वटारून, एकेकाचा ओटा त्यानं खाली आणला. पंचांगं आणि पाट्या-पुस्तकं विकणारे मार्तंडराव पाडायचा मुहूर्त शोधत बसले होते, त्यांचं दुकान त्यांच्यादेखत पाडायला घेतलं. शेवटी राहिली उमाबाई. बांगड्या भरून पोट भरणारी विधवा बाई. तिचं दुकान सगळं मिळून सहा हात खोल. त्यातले पाच गेल्यावर काय उरणार, हे कुणीही सांगितलं असतं.

"अण्णा, म्या बसू कुठं?" तिनं विचारलं.

"उमाक्का, यष्टी थांबाय लागली की रोज शंभर बाया उतरतील हितं. रस्ता झाला की तुला नवं दुकान म्या बांधून देतो. बसवण्णाची आण."

दुकानाच्या फळ्या तिनं आपल्या हातानं काढल्या.

आता उरली वेस. ती पडायची तर बिभीषण पाटलांची मान हलायला हवी होती, कारण वेशीवरचा मान त्यांचा. ज्येष्ठी पौर्णिमेला, कारहुणवीला, वेशीच्या कमानीत कडुलिंबाच्या डहाळ्यांची दोरी बांधतात, तिला कर म्हणतात. रंगवलेले बैल धावत येतात आणि कर तोडतात. पांढऱ्या बैलानं तोडली तर ज्वारी पिकणार, तांबड्यानं तोडली तर तूर. पहिले बैल सुटायचे ते पाटलांचे. सात पिढ्या हे चालत आलं होतं.

पाटील अडून बसतील म्हणून गुंडप्पा कंबर कसून गेला होता. पण पाटलांनी पान पुढं केलं आणि म्हणाले, "शेठ, वेस पाडायला आमचं न्हाय म्हननं न्हाय. गावाचं भलं होत आसंल तर खुशाल पाडा. पन कारहुणवी होऊ द्या. कर तोडायच्या आधी वेस पाडली तर लोक म्हनतील, पाटलानं मान इकला. दुसऱ्या दिशी म्या सोता पहार घेऊन येतो."

कारहुणवी वीस जूनला होती.

इथं खरं तर गुंडप्पानं हट्ट करायचा. पण पाटलांसारखा माणूस हो म्हणाला, यानंच तो गहिवरून गेला. शिवाय तीन आठवडे म्हणजे काय मोठं? निजामाच्या कचेरीत आजोबानं अर्ज द्यावा आणि जबाब नातवाला मिळावा, असा जमाना त्यानं पाहिला होता. आणि खरं सांगायचं तर कर कुठला बैल तोडतो हे त्यालाही बघायचं होतं. ज्वारी पिकली की मगच लोक कापडाला हात लावतात. तो म्हणाला, "होऊ द्या पाटील. मानाला धक्का नको."

घरी नीलम्मानं विचारलं, "अवो, सायबास्नी इचारलं का?"

"त्यात काय इचारायचं? साहेब काय परका हाय?" गुंडप्पा म्हणाला.

एकतीस मेला जीप आली. पाडलेले ओटे पाहून साहेबांचा चेहरा खुलला. मग ते वेशीपाशी आले, आणि वेस उभी होती.

"ही कधी काढणार?"

"कारहुणवी झाली की लगेच, साहेब."

साहेबांना कारहुणवी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. गुंडप्पानं सगळं समजावून सांगितलं, बैलांच्या रंगासकट. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शेठ, महिन्याभरापूर्वी कळवलं असतंत तर मी तारीखच पुढची मागून घेतली असती. आज काही माझ्या हातात नाही." ते खरंच हळहळले. जाताना दोनदा मागं वळून पाहिलं त्यांनी. कागद त्या दिवशी गेला.

वीस जूनला पाटलांच्या पांढऱ्या बैलानं कर तोडली. हलगी कडाडली, गुलाल उडाला, ज्वारी पिकणार म्हणून लोक नाचले. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला पाटील पहार घेऊन हजर झाले. "शेठ, बोललो तसं आलो." माळावर खुणेचे दगड पडलेत हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पाटलांनाही. तरी दिला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी तीन दिवसांत वेस उतरवली. गुंडप्पाला त्यांची मानगूट धरावीशी वाटली. पण धरायला कारण कुठं होतं? माणूस शब्दाला जागला होता. या गोष्टीत कुणीच खोटं वागलं नाही, आणि याचाच गुंडप्पाला सगळ्यात जास्त संताप यायचा.

वर्षाच्या आत माळाचं नशीब उघडलं. डांबरी सडक, यष्टीचं ठाणं, पत्र्याची हॉटेलं, सायकलींचं दुकान, पिठाची गिरणी. हिंगळीची भरभराट झाली म्हणून वर्तमानपत्रात छापून आलं. मार्तंडराव सगळ्यात आधी तिकडं गेले, यावेळी मुहूर्तही न बघता. मग एकामागून एक सगळे. पेठ मात्र सोलापुरातसुद्धा सापडायची नाही इतकी रुंद झाली होती, आणि तिच्यातून शेळ्या जायच्या.

"आपुनबी जाऊ या माळावर," नीलम्मा म्हणायची.

"उमाक्काला काय सांगू?" गुंडप्पा एवढंच म्हणायचा. माळावर जागा घ्यायची उमाबाईची ऐपत नव्हती. आणि रिकाम्या पेठेत तिला दुकान बांधून देऊन उपयोग नव्हता.

उमाबाई मागच्या भिंतीला पाठ लावून, उरलेल्या एक हात जागेत रोज बसायची. बांगड्यांची टोपली मांडीवर घ्यायची, खाली नाही. टोपली खाली ठेवली तर रस्ता अडतो, आणि तो रस्ता यष्टीचा, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. माळावरचं ठाणं पुढं इकडं येणार, असं तिनं आपलं आपणच ठरवलं होतं. गुंडप्पानं तिला कधी खरं सांगितलं नव्हतं.

एक दिवस तिनंच विचारलं, "काय वो अण्णा, यष्टी कवा येनार?"

गुंडप्पा म्हणाला, "न्हाय येत, उमाक्का. आता कवाच न्हाय येत. माजंच चुकलं."

ती रागावेल, शिव्याशाप देईल, रडेल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. पण ती पेठेकडं बघून म्हणाली, "मग म्या जरा फुडं सरकून बसू का? पाय लई आवघडत्यात."

गुंडप्पानं मान हलवली. उमाबाईनं टोपली उचलली आणि पेठेच्या अगदी मधोमध जाऊन पाय पसरून बसली.